3.2 टक्क्यात आमची मावशी कुठं बसते

परवा रात्री जेवताना टीव्हीवर डिबेट चालू होती, सत्ताधारी पक्षाचे एकजण सांगत होते की बेरोजगारी 6 टक्क्यावरून 3.2 वर आली, समोरचे म्हणत होते सगळे आकडे खोटे, आणि अर्धा तास झाला तरी हा आकडा काढतात कसा हे एकानंही सांगितलं नाही. मला राग आला तो त्याचाच.

आकडा खोटा नाहीये हो. पीएलएफएस (पिरियॉडिक लेबर फोर्स सर्व्हे) म्हणून रोजगार-बेरोजगारी मोजायचा सरकारचा सर्व्हे आहे, 2017 पासून चालतो, माणसं घरोघर जाऊन विचारतात. प्रश्न आहे 'काम' कशाला म्हणायचं याचा. आमची मावशी सोलापुरात विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत राहते, घरी बसून विड्या वळते, हजार विड्यांमागे ठरलेले पैसे. पान कमी मिळालं की आठवड्यात दोन-तीन दिवसच काम. पण सर्व्हेच्या साप्ताहिक हिशोबात मागच्या 7 दिवसांत कुठल्याही एका दिवशी 1 तास काम केलं असलं तरी तुम्ही कामावर. आणि घरी बसून दुसऱ्याचा माल करून देणारे तिथं 'स्वयंरोजगार' मध्ये धरतात, म्हणजे टीव्हीवर ज्यांना उद्योजक म्हणतात त्याच रकान्यात मावशी!

मावसभाऊ बीकॉम झालाय, दीड वर्ष नोकरी शोधतोय. मधे दोन-एक महिने काकांच्या यंत्रमागावर बसला, कांड्या भरल्या, टॉवेलच्या घड्या घातल्या, पगार शून्य. वार्षिक हिशोबात वर्षात 30 दिवस काम केलं की दुय्यम काम धरतात, घरच्या धंद्यात बिनपगारी केलेलं पण चालतं. म्हणजे तो बेरोजगार नाही. त्याला हे सांगितलं तर तो बराच वेळ काही बोललाच नाही.

म्हणूनच 2023-24 ला वार्षिक हिशोबानं 3.2 येतो आणि साप्ताहिक हिशोबानं 4.9. सर्व्हे तोच, वर्ष तेच. ज्याला जो सोयीचा तो तो उचलतो, आणि चॅनलवाले खाली कुठला हिशोब आहे ते लिहीत पण नाहीत. आता 2025 पासून दर महिन्याला आकडा येतो तो साप्ताहिक हिशोबाचा, एप्रिल 2025 चा 5.1 होता, तो 3.2 शेजारी ठेवून बेरोजगारी वाढली म्हणून सांगणं पण तितकंच चूक.

आणि 2019 आठवा. 2017-18 चा, सगळ्या वयांची बेरोजगारी 6.1 टक्के सांगणारा रिपोर्ट निवडणुकीआधी फुटला, 45 वर्षांतली सगळ्यात जास्त बेरोजगारी अशी हेडलाईन झाली, सरकारनं तो अधिकृतपणे 31 मे ला, निकाल लागल्यावर, जाहीर केला. तेव्हा सरकार म्हणत होतं पद्धत नवीन आहे, जुन्याशी तुलना नको, आणि विरोधक त्याच सर्व्हेची शपथ घेत होते. आता 15 वर्षांवरच्यांचा तेव्हाचा 6 टक्के आकडा सरकारचा अभिमानाचा स्टार्टिंग पॉइंट आहे आणि विरोधकांना सर्व्हेच नकोय. दोन्हीकडनं आमच्यासारख्याला काय कळणार?

2023-24 च्या रिपोर्टात आहे की 2017-18 पासून काम करणाऱ्यांत स्वयंरोजगारवाले 52.2 वरून 58.4 टक्के झाले आणि पगारी नोकरीवाले 22.8 चे 21.7. काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या बायका 23.3 वरून 41.7 टक्के झाल्या, त्यात घरच्या धंद्यात बिनपैशानं राबणाऱ्या किती ते पण आहे. सोलापुरात गिरण्या बंद पडल्यापासून घरोघरी जे चाललंय ते या आकड्यांत दिसतं. त्यावर डिबेट घ्या ना! मी त्या चॅनलला मेल टाकलाय, पुढच्या वेळी 3.2 दाखवाल तेव्हा शेजारी 58.4 पण दाखवा म्हणून.