सिंकमध्ये शाई ओतायची नाही

गेल्या महिन्यात मी एक बीकर धुतला. गुन्हा एवढाच.

बीकरच्या तळाशी आमच्या लॅबमध्ये बनणाऱ्या प्रिंटरच्या काळ्या शाईचा जेमतेम एक ओघळ उरला होता. उशीर झाला होता, नळ सोडला, बीकर विसळला, काळं पाणी सिंकमधून निघून गेलं. हात पुसत वळले तर आमच्या गटातले सगळ्यात ज्येष्ठ गृहस्थ मागे उभे. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मलाही उलट चार शब्द बोलता आले असते. त्यांनी नळ बंद केला, कोपऱ्यातला वीस लिटरचा पांढरा कॅन पायाने पुढे सरकवला आणि टिश्यूने सिंक पुसायला घेतलं. एक टिश्यू काळा, दुसरा काळा, पाचवा करडा. सतरावा पांढरा निघाला तेव्हा ते थांबले. मी मोजत होते, कारण त्यांनी मला पुसू दिलं नाही आणि तिथून हलण्याचं धाडस माझ्यात नव्हतं.

नियम मला माहीत नव्हता असं नाही. जपानला आले त्याच आठवड्यात तो सांगितला होता: भांडं आधी टिश्यूने पुसायचं, मग पहिल्या तीन वेळचं विसळलेलं पाणी कॅनमध्ये, चौथं सिंकमध्ये. टिश्यू वेगळ्या पिशवीत. कॅनवर लेबल, लेबलवर शाईचा नमुना क्रमांक, तारीख, नाव. मी दिवसाला बारा-पंधरा भांडी खराब करते. हिशोब करा, माझ्या दिवसातला किती वेळ केमिस्ट म्हणून जातो आणि किती भांडी घासण्यात.

हे मी घरी फोनवर सांगितलं तर तिकडून हसण्याचा आवाज आला. मलाही तेच अपेक्षित होतं. चार वर्षं मी आपल्याकडे रंगाच्या लॅबमध्ये काढली आहेत आणि तिथे सिंक म्हणजे सिंक होतं. (तिथलं पाणीही ईटीपीलाच, म्हणजे सांडपाण्याच्या प्रक्रिया केंद्रालाच जायचं, हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही भलतंच समजाल.) सतरा टिश्यू कोणी वापरले असते तर स्टोअरवाल्याने जाब विचारला असता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सरळ विचारलं की इथेही खाली प्रक्रिया केंद्र आहेच, मग एका ओघळाने काय बिघडतं? त्यांचं इंग्रजी आणि माझं जपानी यांची बेरीज केली तर एक भाषा कशीबशी होते. त्या भाषेत ते म्हणाले, "तुमची शाई चांगली आहे. म्हणून."

मला आधी ते कौतुक वाटलं. मग अर्थ लक्षात आला आणि मी दिवसभर त्यावरच विचार करत बसले.

आमचं काम काय आहे ते थोडक्यात: पाण्याने न पसरणारी प्रिंटरची शाई बनवायची. छापलेला अर्ज पावसात भिजला की अक्षरांभोवती निळसर-जांभळं वलय पसरतं, ते तुम्ही पाहिलेलं आहे. ती डाय शाई. डाय म्हणजे विरघळणारा रंग; तो पाण्यात विरघळलेला असतो, वाळला तरी पुन्हा पाणी मिळालं की पुन्हा विरघळतो, त्याचा दोष नाही. पिगमेंट विरघळतच नाही. ती पूड असते, काळ्या शाईत बहुधा कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीचीच शिस्तीत वाढलेली बहीण. कार्बन ब्लॅक पाण्याने जात नाही हे तवा घासणाऱ्या कोणालाही सांगायला नको. मग प्रश्न कुठे उरला? पिगमेंट घाला, शाई जलरोधक झाली, घरी जा.

प्रश्न नोझलमध्ये आहे. इंकजेट, म्हणजे शाईचे थेंब उडवून छापणारा प्रिंटर; त्याचं छिद्र साधारण वीस मायक्रॉनचं, केसाच्या जाडीच्या पाव ते एक तृतीयांश. त्यातून सुटणारा थेंब काही पिकोलिटरचा, आणि एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. या वाटेने पूड पाठवायची तर तिचे कण शंभर नॅनोमीटरच्या आसपास दळायला लागतात. झिरकोनियाच्या बारीक मण्यांच्या मिलमध्ये तासन् तास. दळून झालं की खरी कटकट सुरू होते, कारण इतके लहान कण एकमेकांना चिकटायला टपलेले असतात. म्हणून प्रत्येक कणावर ऋण विद्युतभार चढवायचा. कार्बनच्या पृष्ठभागावर कार्बोक्झिल गट, म्हणजे आम्लाचे गट, रासायनिक रीतीने बसवून, किंवा स्टायरीन-अ‍ॅक्रिलिकसारखं पॉलिमर गुंडाळून. सगळे कण सारख्याच भाराचे, त्यामुळे कोणी कोणाच्या जवळ जात नाही. जमलं तर शाई दोन-दोन वर्षं बाटलीत तशीच राहते, तळाशी गाळ बसत नाही.

आणि ज्येष्ठांना म्हणायचं होतं ते हे. जी शाई दोन वर्षं खाली बसू नये म्हणून मी जिवाचा आटापिटा करते, ती सांडपाण्याच्या टाकीतही खाली बसत नाही. पाणी घालून पातळ केलं तर उलट ती जास्त सुखात. गाळात जायला तिला कोणीतरी भाग पाडावं लागतं: आम्ल घालून पीएच खाली आणायचा, किंवा अ‍ॅल्युमिनियम नाहीतर लोहाचे क्षार घालून तो ऋण भार मारायचा. कॅनमध्ये एकत्र गोळा केलेल्या वीस लिटरवर हे सोपं आहे. पाइपांतून पसरलेल्या पाण्यावर नाही.

अ‍ॅल्युमिनियमचे क्षार! मी जवळजवळ उडीच मारली. अहो, ही तुरटी! मी त्यांना तुरटीची अख्खी गोष्ट सांगितली. गढूळ पाण्यात खडा फिरवायचा, थोडा वेळ थांबायचं, माती तळाशी. शाळेत जायच्या आधीपासून आम्हाला हे माहीत असतं, रसायनशास्त्र नंतर येतं. तेही हात फिरवून, खडा दोऱ्याला बांधल्याचा अभिनय करून सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते आणि शेवटी म्हणाले की तत्त्व बरोबर आहे. मला त्यापेक्षा जास्त अपेक्षा होती, हे कबूल करते. निदान भुवया उंचावायच्या.

पण तुरटी डोक्यातून गेली नाही, आणि त्याचा फायदा झाला. कारण कागदावर नेमकं हेच व्हायला हवं. बाटलीत कण दूर-दूर राहावेत आणि कागदाला शिवताक्षणी त्यांची गठडी वळावी. म्हणून काही ऑफिस कागदांना कारखान्यातच कॅल्शियमचं मीठ लावलेलं असतं. कॅल्शियमचा आयन दोन धन भारांचा, तो कार्बोक्झिल गटांना पकडतो आणि पिगमेंट कागदाच्या वरच वर थिजतं. अक्षर गडद, कडा स्वच्छ. कागदावर तुरटी फिरवल्यासारखंच.

अडचण अशी की सगळे कागद तसे नसतात. साध्या कागदावर शाईलाच स्वतःचं बघावं लागतं. माझी युक्ती होती अमोनियाची. कार्बोक्झिल गटांसोबत सोडियमऐवजी अमोनियम ठेवायचं. कागदावर वाळताना अमोनिया उडून जातो, मागे राहणाऱ्या आम्ल गटाला पाण्याचं प्रेम उरत नाही, आणि पिगमेंट पुन्हा पाण्यात यायला नकार देतं. ही काही माझी शोधलेली गोष्ट नाही, या धंद्यात ती जुनी आहे. पण माझ्या नमुन्यात ती इतकी छान चालली की छापल्यावर पाच मिनिटांनी तिरक्या कागदावर पाणी सोडलं तरी ओघळ पांढरा. मी तो कागद घेऊन ज्येष्ठांकडे गेले. त्यांनी कागद पाहिला, मान हलवली आणि शाई बाटलीत टिकते का ते बघायला बाटली साठ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवली. चार आठवडे.

चार आठवडे! खरं सांगते, आपल्याकडे असते तर मी तो नमुना दुसऱ्या दिवशी ग्राहकाकडे पाठवला असता. तिथे असे कितीतरी पाठवले आहेत. त्यातले बरेच चाललेही, आणि जे चालले नाहीत ते आम्ही रात्रभर बसून दुरुस्त केले. ग्राहक दारात उभा असताना ओव्हनकडे बोट दाखवता येत नाही. त्या घाईत मी जे शिकले ते इथल्या कोणाला येत नाही. नुसत्या वासावरून, बाटली हलवताना हाताला लागणाऱ्या जडपणावरून शाईचं काय बिनसलंय ते मी सांगू शकते. हे कौशल्य मोजण्याच्या यंत्रांनी वेढलेल्या माणसाला येत नाही, असं माझं मत आहे आणि ते बदलायचा माझा विचार नाही.

तिसऱ्या आठवड्यात बाटली उघडली तर अमोनियाचा भपकारा. पीएच उतरलेला, शाई दाट. हलवून बघायचीही गरज नव्हती. कागदावर जे मला हवं होतं ते ओव्हनमधल्या बाटलीतच हळूहळू घडत होतं. ज्येष्ठांनी काही म्हटलं नाही. नोंदवहीत एक रकाना आहे, फसलेल्या नमुन्यांचा, त्यात मी स्वतः लिहायचं आणि सही करायची. त्या वहीत त्यांच्या सह्या माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत, हे मी मागची पानं उलटून पाहिलं. थोडं बरं वाटलं, थोडं नाही.

याच सुमारास मला एक छोटा विजय मिळाला. कॅनवरचं लेबल. एके संध्याकाळी ओल्या हातमोज्याने कॅन सरकवला आणि लेबलवरची तारीख फराटली. निळसर-जांभळं वलय! जलरोधक शाई बनवणाऱ्या लॅबच्या कचऱ्याच्या कॅनवरची लेबलं ऑफिसमधल्या जुन्या डाय प्रिंटरवर छापलेली होती. मला हसू आवरेना. ज्येष्ठांना दाखवलं तर पहिल्यांदाच ते मोठ्याने हसले, आणि म्हणाले की मग तुमच्या नमुन्याने छापा.

छापलं. अमोनियाचा नाद सोडला होता; या नव्या नमुन्यात पॉलिमरचा बाइंडर, म्हणजे कण कागदाला धरून ठेवणारा चिकट घटक, दीड टक्क्यावरून तीनवर नेला होता, म्हणजे वाळताना कणांवर पातळ पापुद्रा धरेल. लेबल चिकटवलं. दिवसाला पंधरा वेळा त्यावर पाणी सांडतं, टिश्यू घासला जातो, याहून चांगली परीक्षा कोणत्याही यंत्रात नाही. गेल्या शुक्रवारी कॅन भरला, लेबल सोलायला गेले तर कागदाचा लगदा झाला होता, तुकडे निघत होते, आणि प्रत्येक तुकड्यावर अक्षर जसंच्या तसं काळंभोर.

त्याच शुक्रवारी चाचणीसाठी प्रिंटहेड, म्हणजे नोझलं असलेला प्रिंटरचा भाग, टोपण न लावता उघडं ठेवून घरी गेले होते. सोमवारी नोझल तपासणीचा नमुना छापला. काळ्या रेघांत दातांमध्ये खिंडारं पडावीत तशा फटी. साफसफाईची आवर्तनं तीन वेळा चालवली, काही फटी भरल्या, बाकीच्या नाहीत. कागदावर जो पापुद्रा पाण्याला दाद देत नाही, तोच छिद्राच्या तोंडाशीही धरला होता आणि तिथेही दाद देत नव्हता. शाईला कागद कुठला आणि नोझल कुठलं हे कसं कळावं?

प्रिंटहेड काढलं, बीकरमध्ये धुवायचं द्रावण घेतलं, त्यात बुडवून ठेवलं. वहीत लिहिलं, सही केली. मग बीकर टिश्यूने पुसला, तीन वेळा विसळून पाणी कॅनमध्ये ओतलं. चौथंही कॅनमध्येच ओतलं, ते मला अजून करडं दिसत होतं.