माळ्यावर बघितलंस का?

दुपारच्या जेवणाची सुस्ती, आणि मला एक ओळ सापडत नव्हती. कुठल्याशा फाईलमध्ये जुन्या डेटाबेसचा पत्ता लिहिला होता, एवढंच आठवत होतं. टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडून 'आरजी' मारलं. आरजी म्हणजे रिपग्रेप, फायलींच्या मजकुरात शब्द शोधून देणारं अवजार. 2016 सालचं, रस्टमध्ये लिहिलेलं, वाऱ्यासारखं. एंटरवरचं बोट उचलेपर्यंत निकाल हजर: काही नाही.

मग बोटं आपसूक 'ग्रेप डॅश आर'कडे वळली. ग्रेप त्याच कामाचा जुना गडी, 1973 पासूनचा; डॅश आर म्हणजे आतल्या फोल्डरांतही शोध. युनिक्स घडवणाऱ्या केन थॉम्प्सननं 'एड' नावाच्या, मजकूर लिहायच्या प्रोग्राममधला जी-आरई-पी हा हुकूम उचलून त्याचं वेगळं अवजार केलं, तेच नाव चिकटलं. ग्रेप बसला लॉग म्हणजे नोंदींच्या फायली चिवडत, प्रोग्राम बांधताना साचलेला कचरा उपसत. स्क्रीन भरून गेली. पण ओळ सापडली! डॉट-एन्व्ह फाईलमध्ये, पत्ते-पासवर्ड ठेवायच्या, टिंबानं नाव सुरू होणाऱ्या फाईलमध्ये. रिपग्रेप डॉटवाल्या फायलींत डोकावत नाही आणि गिटइग्नोरमध्ये, म्हणजे 'यांच्याकडे लक्ष देऊ नको' या यादीत, नाव असलं तर मुळीच नाही. 'डॅश यूयू', म्हणजे 'लपलेलं-वगळलेलंही बघ' असं सांगितलं असतं तर डोकावलाही असता. पण हे आठवतं नेहमी नंतर.

ऑफिसातली पोरं म्हणतात, एलियस करून टाका, ग्रेप लिहिलं की आरजीच चालेल. नको. हाक एकाला मारायची आणि ओ दुसऱ्यानं द्यायची, हे मला झेपत नाही. नव्या अवजारांच्या नावांचा घोळ आधीच काय कमी आहे? उबुंटू लिनक्सवर फाईल दाखवणारं 'बॅट' घ्यावं तर ते 'बॅटकॅट' म्हणून येतं, फायली नावानं शोधणारं 'एफडी' येतं 'एफडीफाइंड' म्हणून. का, तर ती नावं आधीच कुणीतरी घेतलेली. आमच्या वाड्यात दोन सुमन होत्या, तशातली गत. रोजच्या कामाला आरजीच वापरतो, खोटं कशाला बोलू.

लहानपणी एकदा रेशनकार्ड हरवलं. बाबांनी जिथं असायला हवं तिथंच बघितलं: कपाट, टेबलाचा खण, खुंटीवरची पिशवी. दोन मिनिटांत जाहीर केलं, "घरात नाहीये." आजीनं पदर खोचला आणि मला माळ्यावर चढवलं.

"ती पत्र्याची पेटी उघड."

"आजी, त्यात गणपतीचं सामान आहे."

"उघड म्हटलं ना!"

मखराच्या पुठ्ठ्यांखाली, झिरमिळ्यांत गुंडाळलेलं रेशनकार्ड. शिंका देत खाली उतरलो. बाबांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "हे तिथं ठेवलं कुणी?"

आजी तोवर चहा टाकायला गेली होती.

तसं, गिटइग्नोरमध्ये डॉट-एन्व्ह मीच घातलं होतं.