दोस्त येत नाही म्हणून

"दोस्त येत नाही म्हणाला आज. मग मी जाऊन काय करू?"

साडेआठला दप्तर पाठीला लावून भाचा उंबऱ्यात बसलेला. कर्नाटकातल्या खानापूरची बस चुकली तरी हलेना. ताई म्हणाली, सोंगं आहेत सगळी. मलाही तसंच वाटलं.

सातवीपर्यंत गावच्या मराठी शाळेत पहिल्या बाकावरचं पोर. आठवीला जवळ सोयीचं मराठी हायस्कूल नाही, म्हणून कन्नड माध्यमात घातलं. पहिली भाषाच कन्नड, एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या बोर्डाला, १२५ मार्कांची.

दप्तरातली वही सहज चाळली. शेवटच्या पानावर वाकड्यातिकड्या देवनागरीत: 'अर्थ आय्ता = कळलं काय', 'बरी = लिही', 'हेळु = सांग'. अक्षर भाच्याचं नव्हे. बाकावरच्या दोस्तानं लिहून दिलेलं. घरी कन्नड बोलणारं पोर ते, मराठी बाजारात शिकलेलं. तास चालू असताना तो ह्याच्या कानात अर्थ सांगतो म्हणे. सर फळ्याकडं वळले की.

"आणि सर?"

"सर मला नावानं हाक मारत नाहीत. 'ए मराठी हुडुगा' म्हणतात, म्हणजे मराठी पोरा."

सर वाईट असतील असं नाही. साठ पोरांत नावं राहत नसतील ध्यानात. पण दोस्ताचं नाव बरोबर राहतंय की!

शेवटी मीच गाडीवरून सोडून आलो. गेटातून आत जाताना तीनदा मागं वळून बघितलं त्यानं.

वर्षभर गणिताचे मार्क तेवढे विचारत होतो मी. शेजारी कोण बसतं, हे आज पहिल्यांदा विचारलं. तुम्ही विचारता काय?