आमची वाटचाल : कटआउटवाले

आपल्या खानदेशात ओटा म्हणजे कडप्पा, नाहीतर ग्रॅनाइट. सनमाईकाचा ओटा हे पुण्या-मुंबईचं फॅड, असंच सगळे धरून चालायचे. त्यात जळगावात आम्ही नुसते सिंक आणि हॉबचे, म्हणजे ओट्यात बसवायच्या शेगडीचे, कटआउट कापून द्यायचं काम सुरू केलं. बाजारात लोक हसले. भोकं पाडायला वेगळं दुकान कशाला, भो?

ज्यांनी जिगसॉने, म्हणजे वर-खाली चालणाऱ्या विजेच्या करवतीने, कापून बघितलंय त्यांना हे सांगायला नको. पातं वर येताना कापतं आणि दिसणाऱ्या कडेच्याच कपच्या उडतात. आम्ही पहिल्यापासून राउटर धरला, गोल फिरणाऱ्या पात्याचं सुतारी मशीन. अर्धा इंची बिट म्हणजे पातं, त्याभोवती फर्म्याच्या कडेला टेकून चालणारं ३० मिमीचं कडं म्हणजे गाइड बुश, आणि एमडीएफ बोर्डाचा फर्मा. फर्मा कापायच्या भोकापेक्षा प्रत्येक बाजूला ८.६५ मिमीने मोठा. हा हिशेब मामांचा, प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलीने मांडलेला. मामा धंद्यातले पहिले भागीदार. जन्मभर दारं-चौकटी केलेला माणूस. कोपरा गोलच ठेवायचा, काटकोनातून तडा जातो. एका दमात कापायचं नाही, थराथराने उतरायचं. आणि मधला तुकडा सुटायच्या आत त्याला वरून आडव्या पट्ट्या मारायच्या, नाहीतर खाली पडताना तो कड फाडून नेतो.

मग एका मोठ्या शोरूमने नव्या बिल्डिंगचं काम दिलं. हॉबची मापं त्यांच्याच माणसाने लिहून दिली, ५६० बाय ४९०. त्याप्रमाणे सगळे ओटे कापून झाले आणि वर हॉब आले दुसऱ्याच मॉडेलचे, लहान मापाचे. मागे फट दिसायला लागली. कापलेला सनमाईका परत जोडता येतो का? मापाचा कागद घेऊन मी त्यांच्या काउंटरवर गेलो, तो कोणी हातातसुद्धा घेतला नाही. ‘कटिंगवाल्याचा हात वाकडा’ एवढं मात्र धुळ्यापर्यंत पोचलं. बिल दिवाळीतही निघालं नाही. दोन कारीगर सुरतेला गेले, त्यांना तरी काय म्हणून थांबवणार? टेम्पो विकला. राउटरलाही गिऱ्हाईक आलं होतं. मामा म्हणाले, टेम्पो भाड्याने मिळतो, सेट झालेला राउटर मिळत नाही.

तेव्हा उभ्या राहिल्या त्या अमळनेरच्या बाई, शाळेत शिक्षिका. त्यांचा ओटा आमच्या अगदी सुरुवातीच्या कामांतला. कोणी आमच्याबद्दल विचारलं की बाई त्याला घरी बोलवायच्या, सिंकखालचं दार उघडायच्या आणि म्हणायच्या, ‘हात घालून बघा.’ कापलेल्या कडेला आम्ही वॉर्निश पाजलेलं, वर सिलिकॉन. इतकी वर्षं पाणी सांडूनही बोर्ड कुठे फुगलेला नाही. त्या एका ओट्याने चोपडा, पारोळा, एरंडोलची कामं आणली. बाकी वर्षं कामात गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

नवीन पोरांना एकच सांगतो, हॉब हातात आल्याशिवाय मशीनला हात लावू नका. खोक्यातला कागद नको, व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो तर नकोच. आणि ताई-माईंनो, शेवभाजीची उकळती कढई थेट सनमाईकावर ठेवू नका. खाली लोखंडी तिवई घ्या, बाजारात ढिगाने मिळते.

ते शोरूम अजून चालतं. मधूनमधून त्यांचे ओटे आमच्याकडेच येतात, दुसऱ्याच्या नावाने. हॉब सोबत असेल आणि पैसे आगाऊ असतील तर कापून देतो.