धूळ आणि ग्रिप, नोंद चौथी: टायर धूळ सोबत घेऊन येतो

धूळ, वाळू आणि पाण्याने टायरची पकड किती कमी होते, ते मी दर रविवारी टायरचा तुकडा लावलेली फळी ओढून मोजतोय. आधी मागच्या वेळची चूक कबूल करतो. दोरी तिरकी वर जात होती, म्हणजे फळीचं थोडं वजन ओढता ओढता मीच उचलत होतो आणि रीडिंग कमी येत होतं. आता हुक अगदी खाली, जमिनीलगत लावलाय. बाकी जुगाड तोच: जुन्या मागच्या टायरचा तळहाताएवढा तुकडा फळीच्या तळाला, वर वाळूची पिशवी, एकूण 6 किलो. सामान तोलायच्या काट्याने सावकाश ओढायचं आणि सरकत असतानाचा आकडा घ्यायचा. ओढ भागिले वजन, झाला घर्षणांक, म्हणजे पकडीचा आकडा.

स्वच्छ, कोरडं, खरखरीत डांबर: 4.7 किलो, म्हणजे 0.78. त्याच जागी जाडसर वाळू पसरली तर 3.3, म्हणजे 0.55. इथवर अपेक्षितच. मग तिथली वाळू झाडून पिठासारखी बारीक धूळ टाकली. वाटलं होतं आणखी घसरेल, पण काटा 4.2 दाखवत राहिला. गुळगुळीत सिमेंटच्या फरशीवर मात्र तीच धूळ 4.5 वरून थेट 2.7 वर घेऊन आली.

विचार केल्यावर उलगडलं. रबराची पकड दोन गोष्टींवर चालते: पृष्ठभागाला थेट चिकटणं, आणि खड्यांच्या टोकांभोवती दबून पुन्हा फुलताना होणारा ऊर्जेचा व्यय. खरखरीत डांबरात बारीक धूळ खड्यांच्या मधल्या खाचांत बसते, टोकं उघडीच राहतात. गुळगुळीत फरशीवर बहुतेक भिस्त चिकटण्यावर, आणि नेमका तिथेच धुळीचा पडदा आडवा येतो. जाड वाळूचं प्रकरण निराळं. तिचे दाणे रबराखाली छर्‍यांसारखे गडगडतात, त्यामुळे डांबर खरखरीत असूनही गाडी सुटते. बघूनच पोटात गोळा आणणारा फुफाटा एकवेळ परवडला, पण वळणावरची चिमूटभर रेती नको.

फरशीवर थोडं पाणीही शिंपडून बघितलं. 1.9! धूळ आणि चार थेंब मिळून नुसता चिखलाचा लेप. बादलीभर ओतून धूळ वाहून गेल्यावर काटा पुन्हा 3.3 वर. पहिल्या सरीला गाड्या का घसरतात ते हाताला कळलं. खर्‍या रस्त्यावर त्या लेपात तेलही मिसळलेलं असतं.

आता या रविवारची खरी गोष्ट. फरशीवरून परत स्वच्छ डांबरावर आलो, खात्री म्हणून पुन्हा ओढलं तर 3.9. मग 4.3. मग 4.6. काटा बिघडला म्हणून त्याच्यावरच चिडलो. शेवटी फळी उलटी केली तर रबर राखाडी पडलेलं! ओल्या फडक्याने पुसलं, वाळू दिलं, लगेच 4.7. म्हणजे धुळीचा पट्टा संपला तरी टायरचं धुळीशी नातं संपत नाही, पुढे थोडं अंतर ते टिकतं. रेसट्रॅकवरून बाहेर जाऊन आलेले चालक पुढची एकदोन वळणं जपून घेतात ते याच कारणाने.

याचा अर्थ आधीच्या तीन रविवारी एकामागोमाग घेतलेले माझे आकडेही मळकेच. वही बाजूला ठेवली, सगळं पुन्हा.

स्वच्छ डांबराचा 0.78 आणि वाळूचा 0.55 यांतला फरक सरळ गणितात मांडला: ताशी 30 किमी वेगावरून थांबायला साडेचार मीटरऐवजी जवळपास साडेसहा, आणि वळणात दुचाकी झुकवण्याची मर्यादा 38 अंशांवरून 29 वर. अर्थात माझं रबर घासत जातं, फिरत नाही. फिरता टायर पूर्ण लॉक होण्याआधी, थोड्या घसरणीवर, सर्वांत जास्त पकड देतो. म्हणून हे आकडे आपसांत तुलनेपुरतेच धरा.

पुढच्या वेळी खरं चाक: कडेला खडूची खूण करून धुळीतून ढकलत न्यायचं आणि किती फेर्‍यांत रबर पुन्हा काळं दिसतं ते मोजायचं.