सहा फुटी टँक: पाणी भरण्याआधी स्लॅबचा हिशेब

माशांचा नवा टँक ६ × २ × २ फुटांचा ठरलाय, काच १२ मिमी. आधीचा तीन फुटी असल्याने जमिनीची चौकशी कधी करावी लागली नव्हती. या वेळी काच कापायला टाकण्याआधी वजन मांडलं.

पाणी काठापासून पाच-सहा सेंटीमीटर खाली ठेवलं तर साधारण ५८० लिटर, त्यातली पन्नासेक लिटरची जागा वाळू-दगड खातात. रिकामी काच सव्वाशे किलो, वाळू पंच्याऐंशी, दगड साठ, लोखंडी स्टँड ऐंशी, भरलेला सम्प (स्टँडमधली फिल्टरची टाकी) शंभराच्या वर. बेरीज एक टनाच्या आसपास. ही सगळी बसणार १.१ चौरस मीटरवर, म्हणजे चौरस मीटरला ९०० किलो. घराच्या खोल्यांसाठी बहुतेक नियमावल्या लाइव्ह लोड (माणसं आणि सामानाचं वजन) धरतात चौरस मीटरला दीडशे ते दोनशे किलो!

हा आकडा बघून बरेच जण गार पडतात. पण नियमावलीतला लोड सरसकट अख्ख्या खोलीवर पसरलेला धरलेला असतो. बारा चौरस मीटरच्या खोलीत दोनशेच्या हिशेबाने २४०० किलो होतात. मग एक टन कुठेही ठेवा, असं मात्र नाही. स्लॅबला वाकवतो तो मोमेंट, म्हणजे वजन आणि आधारापासूनचं अंतर मिळून होणारा वाकवण्याचा जोर, आणि तो जागेप्रमाणे बदलतो.

माझा स्लॅब दोन बीमांमध्ये ३.६ मीटर जातो. ढोबळमानाने सगळं वजन एका रेषेवर धरलं, तर मधोमध ठेवल्यावर मोमेंट ०.९ टन-मीटर. तोच टँक भिंतीला लावून, मध्यरेषा बीमपासून ३५ सेंटीमीटरवर आणली की ०.३२. जवळपास एक-तृतीयांश! बीमजवळ शिअर (स्लॅब कातरू पाहणारा जोर) वाढतो, पण तो तपासणं इंजिनिअरचं काम.

अट एवढीच की भिंतीखाली खरोखर बीम हवा. सोफ्यासमोरची भिंत दिसायला सर्वांत छान, पण ती नुसतं पार्टिशन आहे, खाली बीम नाही. बाद. टँक आता बाहेरच्या भिंतीला, लांब बाजू बीमला समांतर. शेजारी खिडकी आहे, त्यामुळे शेवाळाशी कायमची झुंज, ती पत्करली. लाकडी जमीन असणाऱ्यांनाही हीच मांडणी सोयीची: ज्या भिंतीवर वासे टेकतात तिला लागून टँक ठेवला की तो वाशांना आडवा पडतो, आणि वासे ४० सेंटीमीटरवर असतील तर वजन चार-पाच वाशांत वाटलं जातं. बाल्कनी मात्र विसरा. ती एकाच बाजूने धरलेली असते आणि बाहेरच्या कडेचं वजन सर्वांत जास्त महागात पडतं.

“आमच्या हॉलमध्ये वीस माणसं नाचली, काही झालं नाही,” हा युक्तिवाद मला घरातच ऐकावा लागला. माणसं नाचून घरी जातात. टँक दहा वर्षं तिथेच असतो, आणि सततच्या वजनाखाली काँक्रीट हळूहळू वाकत राहतं. सुरुवातीला आलेला झोल काही वर्षांत दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होऊ शकतो. त्यामुळे ‘एकदा भरून बघू’ ही चाचणीच नव्हे.

स्ट्रक्चरल इंजिनिअरने आधी ड्रॉइंग मागितलं: स्लॅबची जाडी, सळ्या, त्या कोणत्या दिशेने जातात. मग खालच्या मजल्यावरून स्लॅबचं पोट पाहिलं. गंजाचे डाग, सुटलेलं कव्हर (सळ्यांवरचा काँक्रीटचा थर), सळीच्या रेषेत गेलेली भेग, यातलं काही दिसलं असतं तर ड्रॉइंगवर विसंबता आलं नसतं. काही नव्हतं. परवानगी मिळाली, पण अटींवर: स्टँडला चार सुटे पाय नकोत, खाली पूर्ण लांबीची चौकट हवी, आणि पुस्तकांचं कपाट त्याच स्लॅबवर समोर आणायचं नाही. (कपाटावरून घरात अजून बोलणी चालू आहेत.)

चौकटीखालच्या टाइल्स ठोकून पाहिल्या. दोन पोकळ वाजल्या, त्या काढून नीट बसवून घेतल्या. स्लॅब टिकला तरी पोकळ टाइल तडकते आणि टँक कलतो.

भरणं टप्प्याटप्प्याने चालू आहे. पाव भरला की चारही कोपऱ्यांत काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं, एक दिवस थांबायचं, पुन्हा मोजायचं. सध्या अर्धा आहे. पुढचा उजवा कोपरा एक मिलिमीटर खाली आहे, पाव भरला तेव्हाही तेवढाच होता. पाऊण झाला की आकडे टाकतो. मासे अर्थातच सायकलिंग (पाणी माशांसाठी सुरक्षित ठेवणारे जिवाणू टँकमध्ये वाढणं) झाल्यावर.