तुम्ही विचारलंत म्हणून: लेकीला गाडी का नाही दिली?

लिफ्टमध्ये, भिशीत, भाजीवाल्याकडे मला एकच प्रश्न येतो. "अकरावीला गेली ना तुमची? अजून गाडी नाही दिलीत?" (गाडी म्हणजे दुचाकी, हे पुण्यात सांगावं लागत नाही. चारचाकीला आपण कार म्हणतो.) कोथरूडमध्ये या वयाचं मूल क्लासला पायी निघालेलं दिसलं की लोकांना वाटतं, घरी पैशांची अडचण असणार, नाहीतर आई फार कडक असणार. मी आजवर "नियम म्हणजे नियम" असं म्हणून हसत आले आणि शिस्तीची बाई म्हणून थोडं नावही कमावलं. ते फुकटचं आहे. आज सांगून टाकते.

मी गाडी द्यायला निघाले होते. तिनेच घेतली नाही.

तिचा क्लास अलका चौकाजवळ, सुटतो रात्री साडेआठला. सासूबाईंचा गुडघा, नवऱ्याची शिफ्ट, माझी नोकरी. रोज ने-आण करायला कुणी नाही. आमची अ‍ॅक्टिव्हा मात्र दिवसभर पार्किंगमध्ये नुसती उभी. एका रविवारी मी किल्ली तिच्यासमोर ठेवली. म्हटलं, आधी सोसायटीत चार फेऱ्या मार. मग क्लासला जाताना कर्वे रोड टाळ, नळस्टॉपला ट्रॅफिकचे मामा उभे असतात, आतल्या आतून म्हात्रे पुलाकडे निघ. हे मी, एका मुलीची आई, पूर्ण शुद्धीत बोलले.

ती म्हणाली, "आई, माझ्या हातून काही झालं तर जेलमध्ये तू जाशील."

मला चेष्टा वाटली. पण तिने सगळं वाचून ठेवलं होतं. 2019 मध्ये मोटार वाहन कायदा बदलला. अल्पवयीन मुलाने गाडीवर असताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. 3 वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन्स नाही. "सुटायचं असेल तर तुला माहीतच नव्हतं हे तुला सिद्ध करावं लागेल. आणि तू तर मला रस्तापण सांगतीयेस."

मी माझी जुनी लुना पुढे केली. मी नव्हते का चालवत सोळाव्या वर्षी, चांगलं लायसन्स काढून? "ती 50 सीसीची होती. सोळाव्या वर्षी तेवढ्याचंच मिळतं, बिनगिअरचं. आपली 110ची आहे."

तेव्हा माझ्या तोंडून ते निघालं. "अगं, सगळेच चालवतात."

निघालं आणि मला माझीच लाज वाटली. सहावीत मोबाईलसाठी, आठवीत केस रंगवण्यासाठी हेच वाक्य तिने मला ऐकवलं होतं, आणि दर वेळी मी विचारलं होतं, सगळ्यांनी विहिरीत उडी मारली तर तू मारशील का? आता तिची पाळी होती. तिने विहीर काढली नाही. माझ्याकडे बघितलं, किल्ली उचलली आणि टीव्हीखालच्या खणात ठेवून आली. तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

आता लगेच तिला संत करू नका. ओला टॉवेल अजून माझ्याच पलंगावर असतो. नकारामागे स्वार्थही होता: एकोणिसाव्या वर्षी तिला मैत्रिणींबरोबर लडाखला जायचंय, पंचविशीपर्यंत थांबायला वेळ नाही. पण जाता जाता ती हळूच म्हणाली, "आणि मी कुणाला उडवलं तर?"

मे 2024 मध्ये कल्याणीनगरला कारच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले. चालवणारा 17 वर्षांचा असल्याचं पोलिसांनी सांगितलं. जामिनाच्या अटींत 300 शब्दांचा निबंध होता, आणि त्या निबंधावर आम्ही मोठे कितीतरी दिवस जेवताना तावातावाने बोलत होतो. ती तेव्हा दहावीत जाणार होती. ताटात मान घालून जेवायची, चकार शब्द बोलायची नाही. मी समजत होते, हिचं लक्षच नाही.

सध्या ती आनंदनगरला मेट्रो पकडते, डेक्कनला उतरते आणि लकडी पुलावरून चालत जाते. रात्री निघाली की मोबाईलवर एक शब्द येतो, "डेक्कन". थोड्या वेळाने, "आनंदनगर". पाऊस असला तर "येऊ नकोस, छत्री आहे" हे आधीच येतं. मी तरी जाते. स्टेशनच्या जिन्याखाली उभी राहते, आणि ती मैत्रिणींसमोर मला ओळख दाखवत नाही.

अठरा पूर्ण व्हायला अजून सव्वा वर्ष आहे. परवा म्हणाली, तेव्हासुद्धा अ‍ॅक्टिव्हा नको, मला गिअरची शिकायचीये. त्याबद्दल मात्र इतक्यात विचारू नका.